डावं-उजवं

तिबिलिसी, जानेवारी. वीज येणार रात्री दोन ते पाच,
म्हणून त्सियाला दोनला प्रयोगशाळेत.
कोटावर कोट, बोटं कापलेले लोकरी हातमोजे.
डावा उजव्यात बसत नाही :
विद्यार्थ्यांना ती एवढ्यावरच सारं शिकवते.

नळी केसाएवढी, आत बफर,
बफरमध्ये विरघळलेलं रक्तातलं प्रथिन.
एका टोकाला औषधाचा थेंब. थेंब म्हणणंही फार झालं.
मग वीस हजार व्होल्ट
आणि यंत्राची बारीक गुणगुण.

औषध म्हणजे दोघं. वजन तेच, बांधा तोच,
एक दुसऱ्याचा आरशातला.
नुसत्या बफरमधून धावले तर बरोबरीनं पोचतात,
कागदावर एकच टेकडी उमटते.
प्रथिन मात्र डावं-उजवं करतं.
एकाला तोंडदेखलं विचारून जाऊ देतं,
दुसऱ्याला बसवून घेतं, सोडतं,
चार पावलांवर पुन्हा धरतं.
किती जीव लावला ते उशिरावरून कळतं.
उशीर मोजायचा. प्रथिन थोडं वाढवायचं.
पुन्हा उशीर मोजायचा.

आईला, लामाराला, तिनं एकदा सांगितलं होतं,
मदतीच्या खोक्यातून येणाऱ्या तुझ्या गोळीतला
अर्धाच माल हृदयाच्या कामाचा,
उरलेला अर्धा नुसता सोबतीला.
लामारा डावखुरी. शाळेत तिचा तो हात
बाकाला बांधून ठेवत.
म्हणाली, काढू नका गं त्याला,
इतकी वर्षं बरोबर येतोय.

चार वाजून वीस मिनिटं. पाचाला अवकाश होता,
तरी वीज गेली.
पहिली टेकडी उमटून गेली होती.
पेन पुढच्या सपाट रेषेवर, जिथल्या तिथं.

अंधारात ती झाकणावर हात ठेवून उभी राहिली.
झाकण अजून कोमट.
आत कुठंतरी, अर्ध्या वाटेवर, दुसरा.
ओढणारं कुणी नाही, आता तो
पुढेही पसरेल, मागेही,
सकाळपर्यंत त्याचा काही ठाव लागणार नाही.
पण धरणं-सोडणं चालूच असणार,
त्याला वीज लागत नाही,
वीज लागते ती आपल्याला, मोजायला.

काडी ओढून तिनं वही उघडली.
शाई गोठलेली, म्हणून पेन्सिलीनं :
पहिला, सहा मिनिटं चाळीस सेकंद.
दुसरा,
इथं काडी बोटापर्यंत आली.
दुसरी ओढली, आणि लिहिलं :
आत आहे.