कानाचा काठ

स्वान्सीत ऊन मागून घ्यावं लागतं,
म्हणतो ग्विलिम, छपरावर पाय रोवून,
उघड्या मानेनं.
चाळीस वर्षं पाट्या बसवतोय.
पाटीच ती, मी शाळेत गिरवायचे त्याच दगडाची.

खाली मी. हातात क्रीमची बाटली,
फळ्यावर आजचा आकडा: सहा.
"सहा कसले? आभाळ बघ, घोंगडीसारखं."
घोंगडीतूनही येतं ते, मी ओरडते.
दिसत नाही, चटका देत नाही,
खाडीवरचा वारा वर गार फुंकर घालतो,
म्हणून तर कळत नाही.
तो हसतो. खिळा ठोकतो.

जेवणाच्या सुट्टीत हेल्मेट काढतो तेव्हा दिसते
उजव्या कानाच्या काठावर खपली,
तांदळाच्या कणीएवढी.
"ही? मार्चपासून आहे.
उशीला रक्त लागतं कधी कधी.
बायको म्हणते, मांजर चावलं असेल."

केस उन्हानं पांढरे होत नाहीत,
म्हणायचे आमचे वडील.
कानाचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

मी फोन लावते. तो चहा ढवळत राहतो,
साखर कधीच विरघळलेली.
"गुरुवारी, सव्वानऊला."
"गुरुवारी चिमणीचं काम आहे."
"चिमणी थांबेल."

दुपारी शिडीपाशी टायलो, सतरा वर्षांचा,
न सांगता हात पुढे करतो.
गाल चोळतो, मान चोळतो,
दोन पायऱ्या चढतोही.

टायलो, मी हाक मारते,
कान.