पासंग

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
चोवीस वर्षं मी तोलार.
गोणी काट्यावर पडते न पडते
तोच आकडा माझ्या तोंडात.
एकावन्न चारशे. बारदान वजा.

वजनातलं मला कळतं, असं धरून चाललो होतो.

कोपरखैरण्याच्या खोलीत, भरल्या ताटावर
हणमाला मी म्हणालो होतो,
आबांच्या पासंगाला तरी पुरशील का रे?
एवढंच. वर हसलोही.
तो जेवला,
ताट धुऊन पालथं घातलं,
आणि महिन्याभरात उरणला गेला, कंटेनर यार्डात.

बोलत नाही असं नाही.
विहिरीच्या मोटारीचं काय झालं,
आत्याला किती पाठवायचे,
सगळं बोलतो. बारदान वजा करून.

परवा त्याच्याकडे गेलो. तो रात्रपाळीला.
त्याच्या सात वर्षांच्या उर्वीनं विचारलं,
तात्या, पासंग म्हणजे काय?
पप्पा दाढी करताना आरशाला म्हणतात,
पासंगालाही नाही, पासंगालाही नाही.

अकरा वर्षं झाली होती.

मी घसा खाकरला. सांगितलं,
जुना तराजू एका अंगाला कलायचा,
मग हलक्या बाजूला एक खडा बांधायचे.
साधा खडा. रस्त्यावरचा.

ती म्हणाली, म्हणजे तो नसला
तर सगळ्यांचंच वजन खोटं?

जिना उतरून गल्लीत आलो, फोन लावला.
यार्डातला भोंगा ऐकू आला, मग त्याचा आवाज:
बोल दादा.

तोंडात एकही आकडा नव्हता.