एकोणीस नंबरची पिशवी

डेन्झिलने बॉनेट उघडलं तर आत नळ्याच नळ्या,
पेन्सिलीएवढ्या, काळ्या, उष्णतेने तडकलेल्या,
कुठली कुठे सुरू होते नि कुठे संपते
ते जपानात ज्याने बसवल्या त्यालाच ठाऊक.
"यातल्या निम्म्या नुसत्या धुरासाठी," तो म्हणाला,
"शर्यतीत कोण विचारतं धुराला?"

माझं काम चिठ्ठ्या लावायचं.
चिकटपट्टीवर आकडा, आकड्यापुढे नाव,
बोल्ट सँडविचच्या पिशवीत.
सतरा : एअर पंप, बोकडाच्या पिलाएवढा जड.
अठरा : धूर परत इंजिनात धाडणारी झडप.
काजळी इतकी की स्क्रूड्रायव्हर आत रुतला.
तिच्या जागी त्याने पत्र्याची चकती आवळली,
"सावकाश जा" सांगणाऱ्या एका जुन्या पाटीतून कापलेली.
एकोणीस : कोळशाचा डबा.

टाकीतून उठणारी पेट्रोलची वाफ
हा डबा पोटात धरून ठेवतो म्हणे,
आणि इंजिन धावू लागलं की
थोडी थोडी त्याच्या हवाली करतो.
मी डबा कानाशी हलवला. वाळूसारखा आवाज.
"कोळसा? आपल्या डोंगरातला?"
"छे, नारळाच्या करवंटीचा."
मला हसूच आलं.
पूर्व केंटकीच्या या घळीत
कोळसा बाहेरून आला, तोही नारळाचा.

टाकीकडून येणाऱ्या नळीच्या तोंडात
त्याने एक बोल्ट खुपसला, वर क्लिप.
झालं.
इंजिनभोवती आता हात फिरवायला जागा होती.
कन्व्हर्टर तर आदल्या आठवड्यातच गेला होता.

दुसऱ्या दिवशी जुलैचं ऊन.
बाबा व्हरांड्यात, नाकात ऑक्सिजनची नळी,
पन्नास फूट लांब, घरभर त्यांच्यामागे फिरणारी.
तिच्यावर पाय पडू नये म्हणून
आम्ही सगळे आमच्याच घरात
पाण्यातून चालल्यासारखे चालतो.
डेन्झिलने टाकीचं झाकण फिरवलं
आणि टाकी सुस्कारली,
लांब, खूप लांब,
मग पत्रा टण् करून आत बसला.
वास कुंपणापर्यंत.

बाबांना वास येत नाही. आवाज येतो.
"कोंडलीस," ते म्हणाले. थांबले.
मशीनने एक ठोका दिला.
"तिला."

एकतीस वर्षं त्यांनी खाणीत हवा वळवली.
ताडपत्र्या टांगायच्या, फळ्या ठोकायच्या,
माणसांकडे ताजी हवा न्यायची,
वायूला त्याची स्वतंत्र वाट द्यायची.
त्यांच्या पाळीत कुणी गुदमरलं नाही.
धूळ मात्र कुठल्याच पडद्याने अडली नाही,
पण ते हे बोलत नाहीत, आम्हीही नाही.

पिझ्झाच्या खोक्याच्या झाकणावर
त्यांनी सुताराच्या पेन्सिलीने रेघ ओढली.
डबा मागे, चाकाच्या कमानीत.
नळी आधी टाकीच्या वर चढव, मग खाली उतरव,
मध्ये कुठे झोळ नको, झोळात पेट्रोल साचतं.
गाडी उलटली तर आपसूक मिटेल अशी झडप.
इंजिनाकडची नळी नवी,
एक्झॉस्टपासून वीतभर लांब.
एका वाक्याला तीन श्वास.
डेन्झिल, जो कुणाचं ऐकत नाही,
खोक्यावरचे चीजचे डाग चुकवत
पेन्सिलीमागून बोट फिरवत होता.

संध्याकाळपर्यंत बसवलं सगळं.
बाबांनी डब्याच्या तोंडाची नळी नाकाशी धरायला मागितली,
मग आठवून माझ्याकडे दिली.
मी हुंगली. रबर. थोडी धूळ.
"काही नाही," मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली,
मोजणी बरोबर निघाल्यासारखी.

बाकीचे भाग माझ्या पलंगाखाली आहेत,
एकोणीस नंबरची पिशवी रिकामी.
कन्व्हर्टर तसाही विकला गेलाय,
आणि गाडी सुरू केली की डोळे झोंबतात.
म्हणून डेन्झिल हल्ली ती सुरू करत नाही अंगणात.
न्यूट्रलला टाकून ढकलतो,
टपालाच्या पेटीपुढून, चर्चच्या वळणापर्यंत,
खांदा दाराला लावून, शिव्या घालत.
स्टिअरिंग मी धरते.
वळणावर तो मागे बघतो,
वारा कुठून येतोय ते,
आणि मग किल्ली मागतो.