पीलबाग

शाळेचा पट सात, म्हणून दुपारनंतर मी मोकळीच.
तहसीलने हातात मोबाइल दिला, गळ्यात ओळखपत्र,
म्हणाले, मॅडम, सावखेडीची माणसं मोजून आणा.

मोजायला सोपं गाव.
एकशे बारा घरं, एकोणचाळीस कुलपं.
एका कुलपावर कुंभारमाशीने घर बांधलेलं.
कुणी विचारलं असतं तर तेही लिहिलं असतं.

भटू दौलत, वय एक्केचाळीस. विवाहित?
"नाही अजून," म्हणाला, आणि खुर्ची पुसून दिली.
मोबाइलमध्ये 'नाही' आहे. 'अजून' नाही.
त्याच्या वर्गात सव्वीस मुलगे होते, अकरा मुली.
तेव्हा तालुक्याला पडद्याआड एक मशीन होतं,
साऱ्या गावाला ठाऊक,
कुणाच्याच तोंडी नाही.

फाट्यावरच्या मेडिकलने ग्राइप वॉटर मागवणं सोडलं.
मोठ्यांचे डायपर मात्र उधारीवरसुद्धा जातात.

मग उखर्डू आबा.
"नाव?"
"उखर्डू."
"कागदावरचं नाव, आबा."
"तेच खरं शे, माय."

आधीची चार गेलेली. पाचव्याला आईने
जन्मल्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीने उचललं, पायलीभर ज्वारीला परत विकलं.
कचरा कोण नेतो?
मरण दारावरून पुढे निघून गेलं.
माझ्या यादीत असे धुडकू, सुपडू, भिकन, फकिरा,
मरणाला चकवून आलेली नावं,
सत्तरीच्या खाली एकही नाही.
आता मरणाला चकवावं लागत नाही.
ही गोष्ट चांगली आहे.
चालता चालता मी ती दोनदा म्हणून पाहिली.

आबांच्या मळ्यात केळीची खोडं कापून पडलेली.
घड उतरला की झाड संपतं,
पण बुंध्याशी पील उभंच असतं,
आईच्या ओलीवर वाढतं. तशीच इथली बाग चालत आली.
"औंदा पील धरा नही.
घड वाहाले खांदे कोठे शेतस?"
सातपुड्यातून रूमश्याची टोळी यायची, बारा वर्षं.
रूमश्याचा एक मुलगा शिरपूरला आयटीआयला,
दुसरा सुरतेला.
"त्याले बी दोनच पोरं," आबा म्हणाले,
जणू रूमश्याने त्यांना न विचारता केलं.

पाडव्याच्या आठवड्यात वनातात्या गेले
तेव्हा गल्लीत तीन खांदे होते
आणि एकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.
केळीच्या पिकअपमधून नेलं.
खाली पानं अंथरली होती, घड घासू नयेत म्हणून अंथरतात तशी.
ड्रायव्हरने भाडं घेतलं नाही,
पण येताना विचारलं, परतीला काही माल आहे का.

"लिखी ले," आबा म्हणाले, "भाऊ चार."
"आबा, जिवंत असलेलेच लिहायचे."
ते बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले.
"मंग मी एकलाच?
माय ते पाच म्हने."

संध्याकाळची एसटी आता गावात येत नाही.
शाळेचे पास एक्केचाळीसवरून सहावर आले
आणि गाडी फाट्यावरूनच वळायला लागली.
मी दोन किलोमीटर चालले, बसले,
आणि राहिलेलं एक घर, माझं, बसमध्येच भरलं.
व्यक्ती दोन. अपत्ये शून्य.
ठरवून. वाईट वाटत नाही.
आईला सात बाळंतपणं झाली, तिला कुणी विचारलं नव्हतं.
हे लिहायलाही जागा नव्हती.

कंडक्टरच्या मशीनमधून अर्धी तिकिटं निघत होती,
मला बाई म्हणून,
बाकीच्यांना म्हातारे म्हणून.
अर्धं तिकीट म्हणजे पूर्वी
खिडकीसाठी रडणारं कुणीतरी असायचं.
आज सगळ्या खिडक्या मोकळ्या.
मी एकीशी बसले.
अनेरच्या पुलावर उठून
दुसरीशी जाऊन बसले.