उजवीकडे

पहाटे पावणेसहाला दाभ्याच्या रस्त्यावर
मी आणि दुधाच्या कॅनवाला, दोघंच.
नऊ अंश.
हातमोज्यांत अजून बोटं आहेत
असं गृहीत धरून ब्रेक दाबायचा.

झनकलालची तुराट्यांची शेकोटी धुमसत असते.
"आज लवकर आले मॅडम," तो म्हणतो.
तो रोज हेच म्हणतो.
मी रोज पाच मिनिटं उशिरा असते.

मिरी माझ्याकडे पाठ करून उभी,
अंगावर दुमडलेली सतरंजी, नाकातून वाफ.
तीन हंगाम ती वरातीत नाचली.
तिकडं लांब कुठल्या लॉनवर बँडवाले सराव करू लागले
की अजूनही पुढचे पाय उचलते, जागच्या जागी,
पाठीवर नवरदेव नसताना.
ते तिला विसरायला लावायचं आहे.
असं मी ठरवलंय. तिला विचारलेलं नाही.

खरारा, खूर, खोगीर.
तंग दोनदा आवळायचा,
कारण पहिल्या वेळी ती पोट फुगवून उभी राहते,
आमच्याकडे प्रवासभत्त्याची बिलं येतात तशी.

मग वर्तुळं.
डावीकडे लोण्यातून सुरी.
उजवीकडे मान ताठ, खांदा बाहेर,
वर्तुळाचा बटाटा होतो.
"घोडी तुमच्याशी नाही भांडून राहिली,"
शेकोटीपासून न हलता झनकलाल म्हणतो,
"तुमच्या घड्याळाशी भांडून राहिली."
घड्याळात सात वीस.
घोड्यावरून उतरताना मी मनात कुकर लावलेला असतो.

पावणेदहाला कोषागार.
केसांत राहिलेली गवताची काडी
उमाठे साहेब माझ्या टेबलावरून उचलतात,
काही न विचारता फायलीत खुणेला ठेवतात.
नोव्हेंबर सरला तरी हयातीच्या दाखल्यांची रांग सरलेली नाही.
कानटोप्या, मफलर, नातवाचं जॅकेट घातलेली माणसं
आपण आहोत हे सांगायला येतात,
आणि मशीन त्यांना ओळखत नाही.

अनसूया डोंगरवार, निवृत्त परिचारिका, वय एक्क्याऐंशी.
अंगठ्यावर रेघा उरलेल्याच नाहीत.
एकदा नाही. दोनदा नाही.
तिसऱ्यांदा मी त्यांचा अंगठा काचेवर दाबून धरला
तेव्हा त्या म्हणाल्या,
"हळू धर ना माय. मी काय पळून चालली का?"

मी हात काढला.
त्यांनी अंगठा साडीला पुसला,
फुंकर मारली, नुसता टेकवला.
हिरवा दिवा.

दिवसभर हा उजवा हात माझ्यासमोर पडून होता.
शिक्का मारणारा, माऊस ओढणारा,
डब्याचं झाकण, गाडीची मूठ,
सगळं एकाच जोरानं धरणारा.
आणि सकाळी त्यातच लगाम.

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं
की झनकलालची फक्त बिडी दिसत होती.
उजवा हात मी ढिला सोडला.
पडेन असं वाटलं.
मिरीचा एक कान मागे आला, काहीतरी ऐकल्यासारखा,
आणि ती वळली.
तीन पावलं.
चौथ्याला पुन्हा बटाटा.

तेवढ्यात लांबून क्लॅरिनेट,
बेसूर, थंडीनं आखडलेलं.
तिचे पाय उचलले गेले.
रोज मी "हो, हो" करत आवरते.
आज आवरलं नाही.
माझ्याखाली एक अख्खी वरात चालू होती
आणि माझी तिथं काही गरज नव्हती.
धुक्यातून झनकलालचं हसू ऐकू आलं.
घड्याळ बघितलं नाही.

कार्यालयात पोचले तेव्हा सव्वादहा.
उशिराच्या रजिस्टरात कारणाचा रकाना असतो.
अधिवेशनाच्या दिवसांत आख्खं नागपूर तिथं
"मोर्चा" लिहितं.
मीही लिहिलं,
डाव्या हातानं.
अक्षर वाईट आलं. कुणी बघितलं नाही.