रिपोर्ट चालू आहे

जालना, एमआयडीसी, महिनाअखेर.
संध्याकाळी सातला मी बटण दाबायचे
आणि पडद्यावरचं चाक गरगरत राहायचं
सकाळी सहापर्यंत.
नऊ वर्षांच्या बियाण्यांच्या पावत्या,
कपाशी, बाजरी, तूर,
दोन कोटी ओळी.
मंठ्याचा एक डीलर शोधायला
आमचा रिपोर्ट दर वेळी
पहिल्या ओळीपासून निघायचा पायी,
वाटेतलं प्रत्येक दार वाजवत.

तौर साहेबांचा फोन आला की
मी सांगायचे, "रिपोर्ट चालू आहे."
या तीन शब्दांच्या सावलीत
कंपनीत पुष्कळांचं निभत होतं.

एका रात्री गोदामाच्या किल्ल्या द्यायला
चाऊसमामा आले. उभ्यानंच पडदा बघितला.
"बेटी, ये तो पूरा गोदाम उलटा रहा.
एका पोत्यासाठी मी सगळ्या थप्प्या हलवतो का?
लॉट नंबर खडूनं थप्पीवर.
कोणती थप्पी कुठं, ते वहीत. वही दाराशी."
वही मळकी. शेवटच्या पानावर चहाची उधारी.

इंडेक्स मला ठाऊक नव्हता असं नाही.
चालत्या गाडीचं चाक काढायची
छाती नव्हती एवढंच.

रविवारी काढलं.
डीलर, लॉट, तारीख, याच क्रमानं;
उलटा क्रम लावला तेव्हा काहीच हललं नव्हतं.
जुनी वर्षं वेगळ्या कप्प्यात.
रोजची बेरीज रोज रात्री मांडून ठेवायची.
बेरीज सात रुपयांनी जास्त आली,
आणि ते सात रुपये पहाटे तीनला
बदनापूरच्या एका रद्द पावतीत सापडले.

सोमवारी, तीन मिनिटं चाळीस सेकंद.
साहेबांना वाटलं, बंद पडला.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला.
अकरा तासांच्या त्या काळात
दुसरा प्रश्न कुणी विचारायचंच नाही.
"उगवण नाही म्हणून परत आलेल्या पिशव्या
लॉटप्रमाणे दाखव."

चहावर साय धरायच्या आत उत्तर आलं.
एकच लॉट. तीन तालुके. दोन हंगाम.
(मामांच्या वहीत त्या नंबरापुढं
केव्हाची फुली होती.
त्यांना कुणी विचारलं नव्हतं.)

पंखा फिरत होता.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"अजून चालूच असेल ना गं रिपोर्ट?"

"नाही सर," मी म्हटलं.
"संपला."