वजरी

संकेश्वरच्या शाळेत एकतीस वर्षं
मी फळ्यावर ज्वालामुखी काढला,
तांबड्या खडूनं तोंड, पांढऱ्यानं धूर,
आणि मागच्या बाकावरून रायगोंडा मगदूम विचारायचा,
"बाई, तुम्ही बघून आलाय काय?"

त्यानंच नेलं शेवटी.
जहाजावर इंजिनिअर झालाय आता.
एक तिकीट जास्तीचं होतं म्हणाला,
खोटं बोलताना अजून कान लाल होतात त्याचे.

सांतोरिनी म्हणजे फुटक्या रांजणाचा काठ.
बूड समुद्रानं गिळलेलं,
काठावर पांढरी घरं, सांडगे वाळत घातल्यासारखी.
दगड काळा, मग तांबडा, मग पुन्हा काळा.
हात लावून बघितला.
आपल्या माळावरचाही असाच, आगीतून आलेला,
फक्त इतक्या आधी
की बघायला कुणी नव्हतं.

मोठ्या छपराखाली उकरून काढलेलं गाव.
गल्ली, गटार, दुमजली घरं,
मधोमध मोडलेल्या पायऱ्या,
कंबरेएवढे रांजण ओळीनं.
साडेतीन हजार वर्षं राखेत होतं म्हणे सगळं.
गाइड एलेफ्थेरिया, इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं,
म्हणाली, इथं माणसाचं एक हाड सापडलं नाही.
आधीच निघून गेली सगळी.
कुठं, माहीत नाही.
भाषा कुठली, तेही नाही.
थोडी अक्षरं आहेत, वाचता कुणाला येत नाहीत.

मला हसू आलं.
"काय झालं बाई?"
म्हटलं, बरं आहे यांचं.
पाटी कुठल्या भाषेत लावायची
यावरून मोर्चा काढायला कुणी उरलं नाही.

मग तिनं एक खोली दाखवली.
तिथं दोन भांडी सापडली होती,
एकात गिलाव्याचा चुना, दुसऱ्यात वाळलेला रंग.
धरणी हलून गेल्यावर लोक परत आले होते,
भिंती नीट करत होते.
काम अर्धं टाकून उठले.

मी तिथंच बसले.
गुडघा दुखतोय म्हटलं.

हिडकलचं पाणी गावात येणार होतं
त्या वर्षी मी सहावीत.
अण्णांनी चौकट काढली, उंबरा काढला,
दारं बैलगाडीत आडवी घातली.
आणि आई घर सारवत होती.
"खुळी झालीस काय गं?" अण्णा ओरडले,
"चार दिवसांनी तळं व्हायचंय हितं!"
ती कोपऱ्यापासून मागं मागं सरकत
दार नसलेल्या दारातून बाहेर आली,
हात धुतले, पदराला पुसले,
म्हणाली,
"पाणी झालं म्हणून काय,
येणाऱ्याला केरात बसवायचं होय?"

हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं.
एलेफ्थेरियाला सांगितलं,
अर्धं इंग्रजीत, अर्धं हवेत हातानं सारवून.
तिचा पुढचा घोळका खोळंबला होता.
ती त्या खोलीकडं बघत राहिली.

येताना एक दगड आणला, दीड युरोला.
आक्काताई म्हणाली, "वजरी व्हय ही!
बाजारात दहा रुपयांना मिळतीय की."
बादलीत टाकली तर तरंगली.
तेवढ्यापुरती गप्प बसली.

मे महिन्यात धरण आटलं,
आमच्या गावाचं टेकाड बेट होऊन वर आलं.
होडीवाला कन्नडमधून दर सांगत होता,
आक्काताई मराठीतून पाडत होती,
जमलं.

चिखलात जोती तेवढी.
मी एका जोत्यावर हात ठेवून डोळे मिटले,
तर ही मागून,
"अगं, ते आपलं नव्हे. ते कुरण्यांचं."
आपलं चार पावलं पुढं.
चूल कुठं होती, कळेना.
पण ओसरत्या पाण्यानं गाळाचा थर ठेवला होता
कोपऱ्यापासून बाहेरपर्यंत,
गुळगुळीत,
हाताच्या वळणासारख्या अर्ध्या अर्ध्या चंद्रांनी.

पाय ठेववेना.

आक्काताई काठावर बसली होती,
लुगडं पोटरीपर्यंत खोचून,
ग्रीसच्या दगडानं टाचा घासत.
"चांगली हाय गं," म्हणाली,
"आईला पायजे होती."